निंबावरच्या तीन झोळ्या

जिथे उभं राहावं तिथून चारी बाजूंना नुसतं सपाट रान दिसतं, अशा एका गावात हेमलता नावाची तरुण आई राहत होती. बारावी शिकलेली आणि स्वभावाने घाबरट. शेतातलं तण काढायला, निंदणाला जाणाऱ्या बायका तिला ‘मास्तरीण’ म्हणत.

शेताच्या मधोमध एकच उंच निंब होता. त्याच्या फांदीला लुगड्याच्या झोळ्या बांधून बायका लेकरं निजवत आणि सोयाबीन निंदत. पाऊस आला की सगळ्या त्याच निंबाखाली जमत. रीतच होती ती. पण एकट्या उंच झाडावर वीज पडते, हे हेमलता शाळेत शिकली होती. म्हणून आभाळ गुरगुरलं की ती झोळीतलं लेकरू उचलून कालव्यावरच्या पक्क्या खोलीत पळे. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा ढग नुसते गुरगुरून निघून गेले.

“काहून वो मास्तरीण, तुह्या पुस्तकातली वीज वाट चुकली का?” म्हातारी गयाबाई म्हणाली. बायका पोट धरून हसल्या. हेमलताही हसली. आपण जरा जास्तच भितो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती स्वतःच स्वतःला रोज सांगत असे.

मग एका दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं. वारा पडला. दूर कुठेतरी गडगडलं आणि हेमलताच्या हातातलं खुरपं थांबलं. पळावं तर पुन्हा हसं. न पळावं तर? निंबावर तीन झोळ्या होत्या. तिची एक, शेजारच्या ओळीत निंदणाऱ्या शेवंताची एक आणि गयाबाईच्या नातीची एक.

‘हसू देत,’ असं मनाशी म्हणत ती उठली. या वेळी तिने तिन्ही लेकरं उचलली. एक पाठीशी बांधलं, दोन कडेवर घेतली आणि झपाझप कालव्याकडे निघाली.

“अवं, माह्या नातीले कुठी नेतं?” गयाबाई ओरडली.

“खोलीत. शिव्या द्यायच्या असतील तर तिथं येऊन द्या, मावशी.”

लेकरं पुढे गेल्यावर बाकीच्या मागे कशा राहणार? खुरपी टाकून सगळ्या धावल्या. गयाबाईने वाटभर शिव्या दिल्या. शेवटची बाई खोलीत शिरली आणि पाऊस असा कोसळला की हातभर अंतरावरचं दिसेना. तेवढ्यात डोळे दिपले, कानठळ्या बसल्या.

पाऊस ओसरल्यावर त्या बाहेर आल्या. निंब शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभा चिरला होता. रिकाम्या झोळ्या करपून लोंबत होत्या.

गयाबाईने नात छातीशी धरली. मग म्हणाली, “दोनदा हासलो तुले. तरी तिसऱ्यांदा कशी उठली वो तू? भेव नाही वाटलं आमच्या हासण्याचं?”

“वाटलं ना, मावशी,” हेमलता म्हणाली. “पण विजेचं जास्त वाटलं.”

तात्पर्य: सावधपणा दहा वेळा वाया गेला तरी काही बिघडत नाही, लोक हसतील म्हणून तो अकराव्या वेळी सोडू नये.