आसुरी मोहरी झाली

कृतयुग सरत आले होते, पण खोटे बोलायला माणसे अजून लाजत होती, त्या काळी पयोष्णी नदीच्या तीरावर जातव्रत ऋषींचा आश्रम होता. कदंबाच्या आणि पळसाच्या दाट छायेत पर्णकुट्या, अंगणात निर्भयपणे दर्भ चरणारी हरणे, आणि मधोमध अहोरात्र धगधगणारे अग्निकुंड. त्या कुंडावर ऋषींनी दीर्घ यज्ञसत्र मांडले होते. त्याची पूर्णाहुती पडली की देवांना त्यांचे गेलेले बळ परत मिळणार होते. आणि ती चुकली तर आपण त्याच कुंडात देह ठेवू, असा संकल्प ऋषींनी हातावर पाणी घेऊन सोडला होता.

ऋषिपत्नी सुवृत्ता हिला मूलबाळ नव्हते. एका असुरस्त्रीने मरताना तिच्या ओटीत घातलेली मुलगी तिने पोटच्या लेकीसारखी वाढवली होती. मुलगी ठेंगणी, तांबूस काळी आणि बोलायला अशी तिखट की शिष्यही तिच्या वाटेला जात नसत. तिला सगळे आसुरीच म्हणत. एकदा एका शिष्याने तिला टोचून विचारले, की तुझ्या कुळात यज्ञ मोडतात, मग तू इथे वेदी कशी सारवतेस? ती म्हणाली, "मोडणाऱ्यांच्या घरातली आहे, म्हणून तो कुठून मोडतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही आधी समिधा वाळलेल्या आणा."

तिचा मामा तंद्रासुर. शस्त्राने, अग्नीने किंवा मंत्राने आपल्याला मरण येऊ नये, असा वर त्याने घोर तप करून मिळवला होता. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या श्वासात होते. त्या श्वासाला केवड्यासारखा गोड गंध होता, आणि तो ज्याच्या नाकात शिरे त्याच्या पापण्या जड होत. ऋषी निजत, अग्नी विझत, आणि देवांसाठी रांधलेला हविष्यान्न चरू हा असुर अतिथी म्हणून बसून खाऊन टाकी. कितीतरी आश्रमांची कुंडे त्याने अशी थंड केली होती. पूर्णाहुतीच्या दिवशी सकाळीच वार्ता आली, की तो पयोष्णीच्या पलीकडच्या काठावर उतरला आहे.

तेव्हा आसुरी कुंडापाशी हात जोडून उभी राहिली. ज्वाळेतून अग्निदेव प्रकटले.

"भगवन्," ती म्हणाली, "माझ्या मामाने शस्त्रापासून अभय मागितले, तुमच्यापासून मागितले, मंत्रापासून मागितले. अन्नापासून मागितले नाही. खादाडाला अन्नाचे भय कुठून सुचणार? मला अन्न करा. फक्त माझा स्वभाव माझ्यापाशी राहू द्या."

"अन्न झालेल्याला देह परत मिळत नाही, मुली."

"ऋषींचा देह राहील ना? मग झाले."

सुवृत्ता तुपाचे पात्र घेऊन आली, तो तिच्या डोळ्यांदेखत मुलगी दिसेनाशी झाली. त्या जागी पिवळ्या फुलांनी डवरलेले झुडूप उभे होते. बघता बघता फुले गळाली, शेंगा पिकल्या, आणि तांबूस काळे बारीक दाणे वेदीवर सांडले. अग्निदेवांनी सांगितले, की हीच तुझी लेक. असुराच्या अन्नात हिला घाल. सुवृत्तेने डोळे टिपले आणि पदरात दाणे वेचले.

पण याज्ञिकांच्या घरचा नियम असा, की हविष्यात फुटका दाणा चालत नाही. तांदूळ, तीळ, जव, जे काही असेल ते अखंड हवे. जातव्रतांनी तेच बजावले. सुवृत्तेनेही एकेक दाणा निवडला, फुटका होता तो बाजूला सारला आणि अखंड दाणे चरूवर पसरले.

माध्यान्ही तंद्रासुर आला. पर्वतासारखा देह, पाण्याने भरलेल्या ढगांसारखे डोळे, आणि तो गोड श्वास. मंत्र म्हणता म्हणता ऋत्विजांच्या माना कलल्या. जातव्रतांच्या हातातली स्रुचा, आहुतीची पळी, वेदीवर पडली. ज्वाळा खाली बसू लागल्या. असुराने चरूचा घास तोंडात टाकला आणि दाण्यांसकट गिळला. त्याला काहीच झाले नाही.

"हे खडे कशाला घातलेत?" तो हसून म्हणाला. "ब्राह्मणांच्या स्वयंपाकाला चव नाही ती नाहीच."

सुवृत्तेचेही डोळे मिटत होते. झोकांडी जाऊन तिने हात जमिनीला टेकला. तो हात पाण्याने ओला होता आणि त्याखाली बाजूला सारलेले दाणे होते. दोन दाणे चिरडले. ओला हात तिने कपाळाला लावला मात्र, एक तीक्ष्ण झणका नाकातून मस्तकात गेला आणि तिची झोप पार उडाली. तिला कळले: लेक अखंड राहील तोवर ती निजलेलीच राहील.

आता तिला फोडायला हवे होते. सुवृत्तेने पदरातले उरलेले दाणे पाट्यावर ओतले. वरवंटा तिच्याने उचलवेना. तिने एकदा पतीच्या कललेल्या मानेकडे पाहिले, विझत्या कुंडाकडे पाहिले. "पोरी, आईचा हात आहे," एवढेच ती म्हणाली, कमंडलूतले गार पाणी शिंपडले, आणि फेस येऊन डोळ्यांना धारा लागेपर्यंत तिने ते दाणे वाटले. मग तो गोळा पळसाच्या पानावर घेऊन ती असुरापुढे गेली.

"अतिथीदेवा, तोंडी लावणे वाढायचे राहिले होते."

"आता सुचले होय," म्हणत त्याने सगळा गोळा एकदम तोंडात टाकला.

क्षणभर तो तसाच बसला. मग त्याचे डोळे तांबडेलाल झाले, नाकपुड्या गुहांसारख्या फुगल्या, आणि तो शिंकला. पयोष्णीचे पाणी काठावर चढले. तो पुन्हा शिंकला. कदंबांची पाने झडली. प्रत्येक शिंकेसरशी त्याचा तो गोड श्वास बाहेर पडत होता, आणि श्वासाबरोबर त्याचे बळ. शस्त्र नाही, मंत्र नाही, अग्नी नाही; वर कुठे मोडला नाही, आणि असुर मात्र रित्या पखालीसारखा चेपत चेपत जमिनीवर लोळला तो पुन्हा उठला नाही. पाट्यावरचा तिखट वास मंडपभर पसरला. ऋत्विज दचकून जागे झाले. जातव्रतांनी स्रुचा उचलली, आणि खणखणीत स्वरात पूर्णाहुती पडली. ज्वाळा कदंबाच्या शेंड्यापर्यंत उसळल्या, आकाशात दुंदुभी वाजल्या.

अग्निदेव पुन्हा प्रकटले. सुवृत्तेने पदर पसरून आपली लेक मागितली. तेव्हा पाट्यावरून ओळखीचा आवाज आला.

"भगवन्, देह जाणार हे ठरलेच होते. पण आता एकाच घरची लेक नको, घरोघरची करा."

अग्निदेव प्रसन्न झाले. म्हणाले, "तापल्या तेलात सगळ्यांच्या आधी तुझा मान. पानावर डावीकडे तुझी जागा. अखंड असशील तोवर शांत राहशील, गार पाण्यात फुटशील तेव्हा जागी होशील. आणि माझ्यात तडतडशील तिथे अशुभ टिकणार नाही. तुला देवकुळातले नावही देतो."

"नाव आहे तेच असू द्या," आवाज म्हणाला. "मामा गेला, तरी माझी जन्मदाती त्याच कुळातली."

म्हणून वैद्य या तांबूस काळ्या मोहरीला आजही आसुरी म्हणतात. लेकराची दृष्ट काढताना आई मिठाबरोबर हीच मोहरी ओवाळून विस्तवात टाकते. आणि लोणच्यासाठी मोहरी फेसताना बाईच्या डोळ्यांतून पाणी येते, तेव्हा घरातले सगळे जागच्या जागी शिंकून विचारतात, "झाली का जागी?" आणि ती डोळे पुसत, हसत म्हणते, "झाली."