दर्भक नावाड्याचे दुखणे

पूर्वी चंपानगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आले. राजवैद्य पुष्यदत्त यांच्या घरी बारा वर्षे राहून त्यांनी विद्या संपादन केली. पुष्यदत्त फार मोठे ज्ञानी होते. नाडीवर बोटे ठेवली, की रोग्याने तोंड उघडण्याआधीच ते रोग ओळखत. त्यामुळे रोग्याला बोलू देण्याची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

त्या नगरीच्या उत्तर घाटावर दर्भक नावाचा नावाडी होता. वय पन्नाशीचे, अंगाने आडवा, आणि सगळा जन्म नदीवर गेलेला. त्या वर्षी त्याच्या पायांना सूज चढली. संध्याकाळी पावलावर बोट दाबले तर खड्डा पडे आणि तो बराच वेळ भरून येत नसे. पुढे पुढे वल्हे मारताना त्याला दम लागू लागला. त्याची बायको सामा त्याला पुष्यदत्तांकडे घेऊन गेली.

पुष्यदत्तांनी नाडी पाहिली, पाऊल दाबून पाहिले आणि म्हणाले, "शोथ आहे. पुनर्नवेचा काढा सकाळी अनशापोटी. लवण वर्ज्य." निदान अचूक होते आणि औषधही योग्य होते. पण महिना गेला तरी सूज उतरली नाही. पुष्यदत्तांनी मात्रा दुप्पट केली. तिसऱ्या महिन्यात दर्भकाला आडवे पडवेना. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच तो डोळे मिटू लागला. तेव्हा पुष्यदत्त सामाला म्हणाले, "एवढे औषध लागू पडत नाही, त्याअर्थी रोग असाध्य आहे. घरी न्या. मागेल ते खायला द्या."

सामाने हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारावे, हे तिला सुचले नाही. नवऱ्याला धरून ती बाहेर आली. पण चार पायऱ्या उतरताच त्याला धाप लागली, म्हणून दोघे तिथेच बसले.

त्याच दिवशी बोधिसत्त्व राजसभेत जायला निघाले होते. पुष्यदत्त आता थकले होते. आपल्या जागी आपल्या शिष्याला नेमावे, असा शब्द त्यांनी राजाकडे टाकला होता आणि मध्यान्हीचा मुहूर्त ठरला होता. नवे उत्तरीय पांघरून बोधिसत्त्व त्याच पायऱ्या उतरत होते, तोच त्यांना धापा टाकणारा दर्भक आणि डोळे पुसणारी सामा दिसली. ते थांबले. काय झाले ते विचारून सामाकडून त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि तिथेच पायरीवर बसले.

"दादा, काढा रोज घेता ना?" त्यांनी विचारले.

"घेतो की," दर्भक म्हणाला. पण म्हणताना त्याने बायकोकडे चोरून पाहिले.

बोधिसत्त्वांच्या ते ध्यानात आले. त्यांनी तो प्रश्न तिथेच सोडला. "बरं. तुमचा दिवस कसा जातो, ते मला सांगा. अगदी उठल्यापासून."

असे आजवर कोणी विचारले नव्हते. दर्भक अडखळत सांगू लागला. उजाडायच्या आधी फुलवाल्या येतात. मग दूधवाल्या. मग बाजारकरी. दुपारपर्यंत नाव क्षणभर रिकामी राहत नाही.

इतक्यात राजाचा सेवक धावत आला. "वैद्यराज, महाराज सभेत येऊन बसले आहेत."

"येतो. हे अजून बोलत आहेत."

दर्भक ओशाळला. "तुम्ही जा, वैद्यराज. आमच्यापायी खोळंबू नका."

"मी बसलो आहे, दादा. तुम्ही सांगा."

दर्भक जरा जवळ सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काढा घेतला की घडीघडीला लघवीला लागते. नावेत बायाबापड्या बसलेल्या. भर धारेत मी करू काय? एकदा बसल्या जागी धोतर भिजलं. दूधवाल्या हसल्यासुद्धा नाहीत. तोंडं फिरवून बसल्या. ते फार लागलं मला. तेव्हापासून नाव बांधलेली असते त्याच दिवशी घेतो."

"नाव कधी बांधलेली असते?"

"अमावास्येला."

सामाने कपाळाला हात लावला. "आणि मला रोज सांगायचात, घेतला म्हणून! मी मुळं कुटून कुटून हात सोलून घेतले!"

"तुला तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" दर्भक म्हणाला.

बोधिसत्त्व हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी विचारले, "आणि मीठ?"

"ते तर पहिल्याच दिवशी सोडलं. भातावर चिमूटभर घेत नाही."

"भाताबरोबर काय खाता?"

"मासळी. खारवलेली. नावेत ताजं कोण रांधणार? दोन्ही वेळेला तीच असते."

आता बोधिसत्त्वांना सगळा उलगडा झाला. ते म्हणाले, "दादा, तुमच्या पायांत पाणी साचलं आहे. घेटुळीचा, म्हणजे आचार्यांनी दिलेल्या पुनर्नवेचाच, काढा ते बाहेर काढतो. लघवी होते म्हणजे औषध आपलं काम करतं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खारवलेल्या मासळीत मूठमूठ मीठ असतं, आणि ते पाणी पुन्हा धरून ठेवतं. दुपारी घाटावर कोणी नसतं ना? मग काढा तेव्हा घ्या. मासळी ताजी खा, घरून रांधून आणलेली, बिनमिठाची."

दर्भकाने मान हलवली. "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा," बोधिसत्त्व म्हणाले. "मला नीट सांगता आलं की नाही, ते कळू दे."

दर्भक म्हणाला, "काढा दुपारी. मासळी ताजी. आणि खारवलेली फक्त रात्रीपुरती."

"रात्रीपुरतीही नाही हो!" सामा म्हणाली. बोधिसत्त्वांनी पुन्हा सगळे समजावले. दुसऱ्या वेळी दर्भकाने ते बिनचूक सांगितले.

एव्हाना मुहूर्त टळून गेला होता. राजाने राजवैद्याची जागा दुसऱ्याला दिली. पुष्यदत्त संतापले. "मी तुझ्यासाठी शब्द टाकला, आणि तू पायरीवर गप्पा मारीत बसलास!" आज कारण सांगितले तर ती सबब वाटेल, असे मनात येऊन बोधिसत्त्वांनी नुसता नमस्कार केला. ते उत्तर घाटाजवळ एक लहानसे घर घेऊन राहू लागले. दर तिसऱ्या दिवशी ते दर्भकाचे पाय पाहून येत.

काही महिन्यांनी पुष्यदत्त आपल्या बहिणीला भेटायला पैलतीरी निघाले. घाटावर एका नावाड्याने त्यांना हात देऊन नावेत घेतले. नाव मध्यावर आल्यावर त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग नजर खाली गेली. पाय सडसडीत होते.

"तू दर्भक ना?"

"होय महाराज. आपल्याच काढ्यानं बरा झालो."

"माझ्या? तो तर लागू पडत नव्हता!"

"मी घेतच नव्हतो, महाराज." मग त्याने सगळी हकीकत सांगितली आणि वल्हे सोडून हात जोडले. "आपलं औषध आणि आपल्या शिष्याचे कान, दोहोंमुळे मी आज नदीवर आहे."

"अरे, मग हे मला का नाही सांगितलंस?"

दर्भकाने पुन्हा वल्हे हाती घेतले. "आपण विचारलं नाहीत, महाराज."

पैलतीरावर न उतरता पुष्यदत्तांनी नाव परत फिरवायला लावली आणि थेट बोधिसत्त्वांच्या दारी गेले. "वत्सा," ते म्हणाले, "जिवंत माणसाला मी मरायला घरी पाठवलं होतं. त्याला वाचवलंस, आणि त्या पापातून मलाही वाचवलंस. मी तुझा ऋणी आहे."

बोधिसत्त्वांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "आचार्य, औषध आपलं, विद्या आपली. मी फक्त थोडा वेळ बसलो."

त्या दिवसापासून पुष्यदत्त जिवंत होते तोवर रोज सकाळी त्या घरी येत, आणि गुरू-शिष्य शेजारी बसून रोग्यांचे बोलणे ऐकत.

एका विहारात उपसोम नावाचा भिक्षू दीर्घ आजारातून उठला आणि आपली शुश्रूषा करणाऱ्यांचे आभार मानताना त्याला रडू आले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो दर्भक म्हणजे आजचा हा उपसोम. सामा म्हणजे त्याच्यासाठी रोज पेज घेऊन येणारी उपासिका सुनंदिका. आचार्य पुष्यदत्त म्हणजे इथले वृद्ध स्थविर धर्मपाल. आणि मुहूर्त चुकवून पायरीवर बसलेला तो वैद्य मीच होतो."

समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणारी ही करुणा क्षांतीच्या, म्हणजे धीराने सोसण्याच्या वृत्तीच्या, पोटी जन्मते. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी क्षांती पारमिता, म्हणजे त्या गुणाची परिपूर्णता, आचरली, असे जाणावे.