गच्चीवरचं तांब्याभर पाणी

हुशार म्हनं! त्या भिवाला काय शिंगं फुटलीत व्हय? तात्या, तुमी गावचे सरपंच, आन तुमी बी त्याचंच गुणगान गाताय. मी बी गवंडीच हाय की!

झालं काय, तर समाजमंदिराच्या गच्चीवर इंजिनेर सायेब चारचौघांत भिवाची परीक्षा घ्याला लागला. "प्लिंथ म्हणजे काय रे?"

भिवा म्हनला, "जोतं."

"लिंटेल?"

"दारावरचा पट्टा."

सायेब चिडला. "आणि स्लोप? तो तुला कुठला कळणार!"

भिवानं तांब्याभर पाणी गच्चीवर वतलं. पाणी पाइपाकडं जायचं सोडून भिंतीकडं पळालं.

"सायेब, आमी ह्याला उतार म्हनतो. तुमच्या कागदात तो पाइपाकडं हाय. आता कागद ह्या पाण्याला वाचून दावा."

मानसं खदाखदा हसली. पर ती गच्ची मीच केली हुती, सायेब कागद न बघता सांगंल तशी. उतार उलटा हाय ह्ये मला आदीच दिसलं हुतं, पर सायबापुढं माझं त्वांड उघडलं न्हाई.

आता गच्ची फोडायला भिवाला बोलवू नगा. मी केली, मीच फोडनार. पहार द्या इकडं.