कच्च्या चित्रणातला ओढा

वेळ संध्याकाळी साडेपाचची. ठिकाण हिंगणमळ्याच्या टेकडीवरचा दर्गा. आभाळ भरून आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या गावी सुनावणी होती.

"पाण्याचा रंग कोणता होता?" मुजावरचाचांनी पुन्हा विचारलं.

अभिनंदन चौगुलेने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"चाचा, सांगितलं ना. रॉ आहे हे. रंग त्यात असतो. सगळा असतो."

"कोणता?"

"सगळा!"

 चाचा मांडीवरच्या गलेफाची, म्हणजे मजारीवर घालायच्या चादरीची, घडी काठाला काठ जुळवून घालत राहिले...

अभिनंदनचं डोकं फिरायची वेळ आली होती. एवढ्या पायऱ्या चढून तो शाबासकी घ्यायला आला होता. निदान एखादं 'वा' तरी. आणि हा म्हातारा एकच प्रश्न धरून बसला होता.

दस्तगीर मुजावर म्हणजे एकेकाळी बातम्यांचा कॅमेरा खांद्यावर घेऊन राज्यभर फिरलेला माणूस. पूर, दंगल, लाठीमार, मंत्रालयाच्या पायऱ्या, सगळं त्यांनी टिपलं. निवृत्त झाले आणि पिढीजात दर्ग्याच्या सेवेला परतले. शिकायला येणाऱ्या पोरांना ते नाही म्हणत नसत. स्तुतीही करत नसत. त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य अभिनंदन. हे चाचा कधी बोलले नव्हते. अभिनंदननेच ते ठरवून टाकलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी ओढा आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवणारा मोठा कारखाना, लोकांच्या तोंडी 'प्रोसेस'. शुद्ध केलेलं पाणी ओढ्यात सोडायची प्रोसेसला परवानगी आहे. त्यामुळे पाइपातून पाणी पडतं, हा गुन्हाच नव्हे. ते रंगीत असतं का, एवढंच सिद्ध करायचं होतं. हिंगणमळ्याच्या लोकांना ते रोज दिसत होतं. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांना ते कधीच दिसत नव्हतं. सुनावणीची नोटीस निघाली की पाइप कोरडा पडतो आणि ओढा आरशासारखा होतो. पाहणी होते. पाहणी करणारे खुशीत परत जातात. हे दर खेपेचं आहे.

मागच्या सुनावणीत लोकांनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला होता. प्रोसेसचे वकील गोड हसले.

"हा रंग पाण्याचा, की मोबाईलचा?"

सुनावणी घेणारे अधिकारीही हसले. फिल्टरचा जमाना आहे, म्हणाले.

तेव्हा हिंगणमळ्याच्या अक्काताई मगदूम उठल्या. त्यांनी नातीला टेबलापुढे उभं केलं आणि तिचे पाय दाखवले. घोट्यापर्यंत लाल, बोटांच्या बेचक्यांत चिरा.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मेंदी आहे का?"

हे त्यांनी खरोखर विचारलं. मग चहा आला.

त्या दिवशी अभिनंदन संतापून बाहेर पडला आणि एका फोटो स्टुडिओतून जुना डीएसएलआर विकत घेऊन आला. लग्नं टिपून टिपून दमलेला, कोपरे झिजलेला कॅमेरा. नव्या कॅमेऱ्यांच्या मानाने मातीमोल. पण त्यात कार्डावरून एक फुकटचा प्रोग्रॅम चढवला, की तो रॉ व्हिडिओ काढतो. म्हणजे कच्चं चित्रण. काचेतून आलेला उजेड जसाच्या तसा साठवायचा. रंग खुलवायचा नाही, उठाव द्यायचा नाही, काही चेपायचं नाही.

"मोबाईल स्वतःच्या अकलेने रंग भरतो. हा भरत नाही," अभिनंदन आता पुन्हा समजावत होता. "उद्या वकील म्हणू दे की, कॅमेऱ्याने रंग घातला. मी म्हणेन, यात कॅमेऱ्याचं काहीच नाही. हे निगेटिव्ह आहे, निगेटिव्ह!"

"बरं. मग दाखव."

अभिनंदनने नोटीस निघण्याआधी टिपलेलं चित्रण दाखवलं. राखाडी, मेलेलं चित्र. पाइपाचं तोंड, त्यातून पडणारी धार, काठाचं गवत. कशालाच जीव नव्हता.

"हे असंच दिसतं आधी," तो घाईने म्हणाला. "रंग नंतर काढायचा. हे बघा."

त्याने एक पट्टी सरकवली. ओढा चहासारखा झाला.

आणखी सरकवली. गंज चढला.

आणखी थोडी. पाइपातून रक्त पडायला लागलं.

"यातला कुठला देणार उद्या?" चाचांनी विचारलं.

"तेच विचारायला आलोय."

"मला?"

"मग कोणाला?"

"मी होतो का तिथे?"

अभिनंदनने कपाळावर हात मारून घेतला.

"कॅमेऱ्याने कोणता रंग धरलाय?" चाचांनी विचारलं.

"चहासारखा. पण तो कॅमेऱ्याचा अंदाज झाला. वकील तेवढ्यावरच उडी मारेल."

"आणि तू कोणता धरलास?"

"मी?"

"डोळे होते ना बरोबर?"

 अभिनंदनचा आवाज खाली आला.

"जुना कॅमेरा आहे, चाचा. रॉ काढताना त्याची दमछाक होते. एकाच वेळी लिहायचं आणि दाखवायचं जमत नाही त्याला. म्हणून पाठीमागच्या स्क्रीनवर काळंपांढरं दिसतं. तेही अडखळत."

"तू स्क्रीन बघत होतास."

"बघावीच लागते! कार्डाला वेग पुरत नाही. मधेच आपोआप बंद पडतो. बंद पडला की पुन्हा सुरू करायचा. ऊन इतकं होतं की मी डोक्यावरून टॉवेल घेतला होता. त्यात गरम होऊन..."

"टॉवेल काढलास तेव्हा?"

"तेव्हा धार थांबली होती. वॉचमन येताना दिसला. मी पळालो."

चाचांनी घडीवरून हात फिरवला.

"म्हणजे ओढ्याच्या काठी उभा राहून तू काळंपांढरं पाणी पाहिलंस."

अभिनंदनला हा घाव वर्मी लागला. तो चिडला.

"हिंगणमळ्यातल्या बायकांना विचारलं मी! एक म्हणते रक्तासारखं, दुसरी म्हणते गुळाच्या पाण्यासारखं. प्रोसेसमध्ये ज्या दिवशी जो रंग लागतो तसा ओढा वाहतो. त्या दिवशीचा कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. आणि त्यांनी सांगितलं तरी उपयोग काय? त्या तक्रारदार. त्यांच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो?"

"तुझ्या डोळ्यांवर ठेवणार होते."

 उत्तर नसलं की अभिनंदन आवाज चढवत असे.

"तुम्ही एक सांगा, हो किंवा नाही. यातून खरा रंग काढता येतो की नाही?"

"आमच्या वेळी काम सुरू करण्याआधी भिंगापुढे पांढरा कागद धरायचो," चाचा शांतपणे म्हणाले. "कागद नसला तर कोणाचा तरी सदरा. कॅमेऱ्याला सांगायचं, हे पांढरं. बाकीचं तू यावरून समज."

"ठाऊक आहे. तुम्हीच शिकवलंत. रॉमध्ये त्याची गरज नसते. नंतर कशावरूनही..."

बोलता बोलता तो थांबला. लॅपटॉपवर वाकला. चित्र पुढे सरकवलं, मागे आणलं, मोठं केलं.

"चाचा... बगळा!"

चौकटीच्या डाव्या कडेला, धारेच्या जरा खाली, पाण्यात एक बगळा उभा होता. राखाडी चित्रात तो दगडासारखा दिसत होता. इतक्या वेळात कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

"पांढरा आहे! आता बघा. यावर नुसतं माऊसने टिचकवायचं. हे पांढरं, असं सांगायचं. बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. यात माझं मत नाही, कॅमेऱ्याचं नाही, कोणाचंच नाही!"

बगळ्याची पाठ उन्हाने जळून गेली होती. तिथे चित्रात रंगाचा तपशील उरलाच नव्हता. म्हणून त्याने सावलीतलं पोट धरलं आणि टिचकवलं.

चित्र पालटलं.

बगळा पांढराशुभ्र झाला. गवत निळसर झालं. आणि पाइपातून पडणारं पाणी नितळ झालं. किंचित गढूळ, पावसाळ्यात कुठल्याही ओढ्याचं असावं तसं.

अभिनंदन बघत राहिला.

त्याने पुन्हा टिचकवलं. पोटाची दुसरी जागा धरली. पुन्हा तेच.

"म्हणजे..." तो पुटपुटला. "म्हणजे पाण्यात काही नव्हतंच?"



आता अभिनंदन उठून फेऱ्या मारायला लागला. आधी तो हबकला होता. मग त्याच्या तोंडावर हळूहळू एक वेगळंच तेज आलं. चूक कबूल करण्याचाही एक माज असतो, तो त्याला चढत होता.

"बरं झालं, चाचा. उद्या मी खोटा पुरावा दिला असता. रक्तासारखा ओढा दाखवला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. पण शास्त्र आहे हे. जे आहे ते आहे. मी नाही देणार हा व्हिडिओ."

"अक्काताईंना काय सांगणार?"

"खरं तेच सांगणार."

त्याने तिथेच फोन लावला. स्पीकर सुरू केला. खरेपणाला साक्षीदार हवा होता.

"अक्काताई, मी अभिनंदन. उद्या व्हिडिओ द्यायचा नाही."

"का रं? कॅमेरा मोडला?"

"नाही. नीट बघितला मी. त्यात पाण्याला रंग नाहीये."

पलीकडे भांडी वाजत होती. ती थांबली.

"काय न्हाई?"

"रंग. त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं असं दिसतंय."

"कुणाला दिसतंय?"

"कॉम्प्युटरवर..."

"आरं, मग माझ्या नातीच्या पायाला काय मी मेंदी लावलीया व्हय? आज दोन पावलं टाकंना पोरगी. कडेवर घिऊन हिंडतोय आम्ही तिला."

"अक्काताई, मला कळतंय. पण पुराव्यात जे दिसतं तेच..."

"तुझ्या भरवशावर अख्खी वाडी रोजगार बुडवून उद्या येणार हाय. गाडी सांगितलीया. त्यास्नी काय सांगू? अभिनंदनला कॉम्प्युटरवर स्वच्छ दिसतंय?"

"मी खोटं कसं बोलू?"

"खोटं बोल म्हणतंय कोण? तू बघितलंस का न्हाई, तेवढं सांग."

अभिनंदनने चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान फिरवली नाही, की हलवली नाही.

"कॅमेऱ्याने बघितलंय," तो म्हणाला.

"मग उद्या कॅमेऱ्यालाच पाठीव. तू येऊ नगंस."

फोन बंद झाला.

अभिनंदनने फोन खिशात कोंबला. कोणी ऐकूनच घेत नाही, याचा त्याला वैताग आला होता. अधिकारी ऐकत नाहीत, वकील ऐकत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी रक्त आटवायचं तेही ऐकत नाहीत.

"बघितलंत? ही आपली माणसं. त्यांना खरं नकोय, जिंकायचंय फक्त."

चाचांनी गलेफ बाजूला ठेवला. पहिल्यांदाच लॅपटॉप स्वतःकडे ओढला. डोळे बारीक करून चित्र न्याहाळलं. मग एक बोट स्क्रीनवर टेकवलं.

"हे गवत निळं का?"

"ते होतं कधी कधी. करतो मी नीट. नुसतं गवत धरून हिरवं करता येतं."

"म्हणजे गवत खोटं बोलतंय."

"तसं नाही..."

"आणि काठचा हा मुरूम? आपल्या टेकडीचा मुरूम तांबडा आहे. हा हिरवट दिसतोय. तोही खोटा?"

"चाचा, कुठेतरी एक गोष्ट खरी धरूनच सुरुवात करावी लागते ना!"

"तू कोणती धरलीस?"

"बगळा! बगळा पांढरा असतो!" अभिनंदन जवळजवळ ओरडला. "हे तरी मान्य कराल की नाही? शेंबडं पोरही सांगेल. बगळा पांढरा असतो!"

चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. चालत कठड्यापाशी गेले. खाली ओढ्याच्या वळणावर एक जुनी चिंच होती. दिवसभर ओढ्यात चरून बगळे तिच्याकडे परतायला लागले होते.

अभिनंदनने सवयीने कॅमेऱ्याकडे हात नेला.

"राहू दे तो," चाचा म्हणाले. "इकडे ये."

तो येऊन उभा राहिला. एकामागून एक बगळे चिंचेवर उतरत होते...

"पावसाळा संपून पुन्हा पावसाळा आला," चाचा म्हणाले. "या चिंचेवर पांढरा बगळा उतरलेला नाही."