मालकीणबाईंची सुट्टी

खूप खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण ती तुमच्यासाठीच जास्त आहे.

एका राज्यात एक नियम होता. ज्याच्याकडे बाई कामाला असेल, त्याने तिच्या बाळंतपणात तीन महिने घरी शिधा पोचवायचा आणि तिची जागा राखून ठेवायची. तिथला राजा बाकी बाबतीत यथातथाच होता, पण हा नियम त्याने लाखमोलाचा केला होता.

त्या राज्यात एका शेठजींकडे साड्यांचे वीस माग होते. शेठजी भलतेच गोडबोले. नवी विणकरीण आली, की शेठाणीकडून तिची खणानारळाने ओटी भरवायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आजपासून या मागाच्या मालकीण तुम्ही! आम्ही आपले नुसते छप्पर सांभाळणारे." बाया हरखून जायच्या. त्यांतली सगुणा तर इतकी हरखली, की तिने घरी नवऱ्यालाही दोन दिवस 'मालकीणबाई' म्हणायला लावलं!

पुढे सगुणाला आठवा महिना लागला. पाय सुजले, माग चालवताना धाप लागू लागली. ती म्हणाली, "शेठजी, आता मला सुट्टी द्या, आणि नियमाचा शिधाही."

"अहो मालकीणबाई, मालकिणीला सुट्टी देणारा मी कोण? नियम नोकरांसाठी असतो. तुमची तुम्ही खुशाल घ्या सुट्टी. फक्त माग रिकामा ठेवता येणार नाही हं, तिथे दुसरी मालकीण बसेल."

सगुणाच्या घरात खाणारी तोंडं चार आणि नवऱ्याची मजुरी अर्धपोटी. कामच गेलं तर बाळाला काय पाजायचं? ती म्हाताऱ्या सुईणबाईजवळ जाऊन ढसाढसा रडली.

"रडतेस काय, वेडे!" सुईणबाईने तिचे डोळे पुसले. "तो शेठ माझ्याच हातावर जन्मलाय. तेव्हाही मूठ आवळूनच आला होता मेला. ऊठ, दरबारात जाऊ."

दरबारात शेठजींनी तेच गोड गाणं गायलं. "महाराज, ही नोकर नव्हेच, मालकीण आहे!" राजा डोकं खाजवू लागला.

सुईणबाई पुढे झाली. "खरंच मालकीण आहे? मग सगुणे, तुझ्या मागावरच्या त्या जरीकाठी साडीचं काय करणार तू?"

सगुणाने क्षणभर म्हातारीकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "ती होय? ती मी तुम्हालाच देऊन टाकली, सुईणबाई."

"देऊन टाकली?" शेठजी ताडकन उठले. "कोणाला विचारून? माग माझा, सूत माझं, साडी माझी! उद्या उजाडताच कामावर ये आणि मुकाट्याने ती पुरी कर!"

सारा दरबार खो खो हसला. शेठजींनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"निकाल तुम्हीच दिलात, शेठजी," राजा म्हणाला. "आता वीसही बायांना नियम लागू."

सगुणाला गोंडस मुलगी झाली. तीन महिने शिधा दारात येत राहिला. शेठाणी तर डिंकाचे लाडू घेऊन स्वतः आली आणि बाळाला मांडीवरून खाली ठेवेना. चौथ्या महिन्यात सगुणा कामावर परतली, तेव्हा तिचा माग तिच्यासाठीच रिकामा होता.

तात्पर्य : हुकूम ज्याचा चालतो, जबाबदारीही त्याचीच असते.