राजाच्या खुणेची पट्टी

एक होता राजा. आता राजा म्हटलं की तुम्हाला वाटेल, लढाया करत हिंडत असेल. तसं काही नाही. हा आपला घरबशा राजा होता. त्याला दोनच गोष्टींची हौस. लोण्याचा गोळा घालून गरमागरम थालीपीठ खायचं, आणि सिंहासनावर अगदी ताठ बसायचं. इतकं ताठ, की मुकुटावर पाण्याचा पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. बाकी माणूस चांगला होता, बरं का. कुणावर उगीच ओरडायचा नाही.

शमे, जरा भिंतीकडे सरक, निनादला जागा दे. आणि काय गं, तुझी उशी आज एवढी उंच कशी झाली? असू दे, असू दे. ते मग बघू.

तर त्या राजाच्या गावात एक ग्रंथघर होतं. म्हणजे तुमच्या शाळेतली लायब्ररीच, पण कितीतरी मोठी. आणि तिथली पुस्तकं गुणगुणायची. हसू नका. मी सांगते ना, गुणगुणायची. दारात उभं राहायचं आणि आपल्याला काय हवंय ते मोठ्यानं विचारायचं. मग ज्या पुस्तकात ते लिहिलेलं असेल, ते फळीवर बसल्या बसल्या हूंऽऽ करायचं. आपली मनी मांडीवर बसली की करते ना, अगदी तसं. पण एक होतं. पुस्तक आपल्या जागेवर असेल तरच. जागा सुटली, की ते मुकं.

म्हणून त्या गावात एक रीत होती. प्रत्येकाची बांबूची एक पट्टी असायची, आणि पट्टीवर त्याची खूण. कुंभाराचं चाक, कोळ्याचा मासा, प्रधानजींची दौत. पट्ट्या दाराजवळ खुंट्यांवर टांगलेल्या असायच्या. पुस्तक घरी न्यायचं, तर त्याच्या रिकाम्या जागेत आपली पट्टी उभी करायची. म्हणजे कुणाकडे आहे ते कळतं. परत आणलं, की पुस्तक जागेवर आणि पट्टी खुंटीवर.

हे सगळं सांभाळायची सगुणाबाई. अंगानं काडी, पण नजर अशी की कोपऱ्यातलं पान दुमडलं तरी तिला दिसायचं. मुलं आली की आधी हात धुवायला लावायची. मला ती फार आवडते. तुम्हाला आवडली नसती कदाचित.

मग एकदा काय झालं, नदीला पूर आला. आणि पुरात वाहत काय आलं? तर हत्तीचं पिल्लू. एवढंसं. आई कुठं राहिली कुणास ठाऊक. राजाचा माहूत होता सटवाजी, त्यानं दोर टाकून त्याला काठावर ओढलं. सटवाजीची मुलगी हौसा, आठ वर्षांची, तुझ्याएवढी बघ शमे. तिनं आपल्या परकरानं त्याचं तोंड पुसलं. पिल्लानं सोंडेनं तिची वेणी धरली ती सोडेचना. झालं. तिनं त्याचं नाव ठेवलं भोपळ्या.

पण भोपळ्या काही पिईना. पुढ्यात दुधाची बादली ठेवली, तर सोंड बुडवायचा, दूध सांडायचा आणि मान फिरवायचा. सटवाजीनं कपाळाला हात लावला. एवढा जाणता माहूत, पण त्याच्याकडे हत्ती यायचे ते मोठे होऊनच. पिल्लू त्यानं जन्मात कधी पाळलं नव्हतं.

मग गाव जमलं. प्रधानजी म्हणाले, गूळ घाला. वैद्यबुवा म्हणाले, सुंठ घाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागलीय, मीठमोहऱ्या ओवाळा. हौसानं बिचारीनं गूळ घातला, सुंठ घातली, मीठमोहऱ्याही ओवाळल्या. भोपळ्या तस्साच. मग तिनं एकेकाला विचारलं, की तुम्ही कधी हत्तीच्या पिल्लाला पाजलंय का? तर प्रधानजी खोकले, वैद्यबुवांना घरी काम निघालं, आणि काकू म्हणाल्या, असं म्हणतात बाई. कोण म्हणतं, ते काही त्यांना सांगता येईना.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्या उठलाच नाही. पडल्या पडल्या नुसता बघायचा. सटवाजी लेकीला म्हणाला, "हौसे, आज संध्याकाळपर्यंत ह्याच्या पोटात काही गेलं नाही, तर हे आपल्याकडे राहायचं नाही." हौसाला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ कुठं होता? नाक पुसलं आणि धावत सुटली ती ग्रंथघराकडे.

दारात उभी राहून ओरडली, "हत्ती!"

अरे देवा. चाळीस पुस्तकं एकदम गुणगुणायला लागली. हत्तीची अंबारी, हत्तीची लढाई, हत्ती आणि शिंप्याची गोष्ट. नुसता गोंगाट. सगुणाबाईनं कानावर हात ठेवले आणि म्हणाली, जा, हात धुऊन ये आणि नीट विचार.

हौसा हात धुऊन आली. म्हणाली, "हत्तीचं पिल्लू." मग चाळीसातली तेहतीस गप्प झाली. सात उरली. पण सात जाडजूड पुस्तकं वाचायची कधी? हौसाला तर अजून अक्षर अक्षर जुळवूनच वाचता यायचं. तिनं सगुणाबाईकडे पाहिलं. सगुणाबाईनं तिला जवळ ओढलं, तिच्या केसांतलं गवत काढलं आणि हळूच म्हणाली, "बाळ, तुला नक्की काय हवंय, ते आधी तुझ्या मनाला विचार. मग पुस्तकांना विचार."

हौसानं डोळे मिटले. मग म्हणाली, "आई जवळ नसलेल्या हत्तीच्या पिल्लाला दूध कसं पाजायचं?"

सगळं ग्रंथघर चिडीचूप. एकसुद्धा पुस्तक बोलेना.

हौसाचं तोंड एवढंसं झालं. पण सगुणाबाई तिला हत्तींच्या फळीपाशी घेऊन गेली. तिथं दोन पुस्तकांच्या मध्ये एक फट होती. रिकामी. धुळीनं भरलेली. सगुणाबाई म्हणाली, की ती कामाला आली तेव्हापासून ही फट अशीच आहे. इथलं पुस्तक कुणी नेलं, ते कुणालाच माहीत नाही. कारण फटीत पट्टीच नाही.

हौसा फटीकडे बघत राहिली. मग वळून दाराजवळ गेली आणि खुंट्या बघायला लागली. कुंभार, कोळी, वैद्यबुवा, प्रधानजी. सगळ्या गावाच्या पट्ट्या. तिनं एक टोक ते दुसरं टोक, दोनदा बघितलं.

मग तिनं विचारलं, "आजी, राजाची पट्टी कुठाय?"

सगुणाबाईनं वर बघितलं, खाली बघितलं. राजाची पट्टी नव्हतीच. राजाला पट्टी करा म्हणून सांगणार कोण? तेवढी हिंमत कुणाला झालीच नव्हती. सगुणाबाईलासुद्धा नाही.

हौसाला झाली. भोपळ्यासाठी झाली. भर दरबारात जाऊन उभी राहिली, पायाला शेण लागलेलं, वेणी सुटलेली. राजा सिंहासनावर ताठ. हौसा म्हणाली, "महाराज, ग्रंथघरातलं हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक पट्टी न ठेवता गेलंय. आणि पट्टी नसलेले गावात तुम्ही एकटेच आहात."

प्रधानजींनी डोळेच मिटून घेतले. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं नोकरांना सांगितलं, शोधा. नोकरांनी झोपायची खोली शोधली, नाही. जेवायचं दालन शोधलं, नाही. मुकुटांची पेटी उपसली, तिथंही नाही. राजा म्हणाला, बघ पोरी, माझ्याकडे नाही. आणि असं म्हणता म्हणता त्याला काहीतरी आठवलं. त्याचे कान लाल लाल झाले.

काय आठवलं असेल? सांग बघू, निनाद. झोपला की काय? नाही ना?

तर राजाच्या सिंहासनाचा एक पाय आखूड होता. राजाच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. वीस वर्षांपूर्वी राजा पहिल्यांदा त्यावर बसला, तर ते डुगडुगलं. तेव्हा तो म्हणाला होता, एक जाडसं पुस्तक आणा रे. कुणीतरी आणलं आणि पायाखाली सारलं. तेव्हापासून राजा ताठ, आणि पुस्तक मुकं.

प्रधानजी म्हणाले, महाराज, आधी सुताराला बोलावू, नवा पाय बसवू, मग पुस्तक काढू. सुतार सासुरवाडीला गेलाय, उद्या येईल.

राजानं हौसाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

मग राजा उठला. मुकुट काढून प्रधानजींच्या हातात दिला. गुडघ्यांवर बसला, सिंहासनाखाली वाकला, आणि ओढून ओढून पुस्तक बाहेर काढलं. फुंकर मारली, उपरण्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी हौसाला दिलं. म्हणाला, "माझं चुकलं, पोरी. धाव आता."

हौसा धावली. मागून सगुणाबाई आणि तिच्यामागून राजा, अनवाणी. हत्तीखान्यात पुस्तक उघडलं, तर केवढं जाड. हौसा पहिल्या पानापासून वाचायला लागली. सगुणाबाई म्हणाली, थांब. आधी बघ कुणी लिहिलंय. तर लिहिलं होतं जंगलातल्या एका माहुतिणीनं. तिनं आईविना तीन पिल्लं वाढवली होती. म्हणजे ही काकूंसारखं 'असं म्हणतात' म्हणणारी नव्हे. मग सगुणाबाईनं पुस्तकाची शेवटची पानं उघडली. तिथं सगळ्या गोष्टींची यादी होती, समोर पानाचा आकडा. हौसानं यादीवरून बोट फिरवलं. पाठ, पाय, पिल्लू, पिल्लाला पाजणे. मग तेवढं एकच पान उघडलं आणि अक्षर अक्षर जुळवून वाचलं.

लिहिलं होतं, की पिल्लू सोंडेनं दूध पीत नाही, तोंडानं पितं. पिताना त्याला सोंड आईच्या अंगावर टेकायची असते. आई नसेल तर दोन खांबांना जाड घोंगडी बांधा. आणि गाईचं दूध देऊ नका, भाताची पेज द्या, नारळाचं दूध घालून.

मग काय, सटवाजीनं घोंगडी बांधली. काकूंनी पेज केली. राजानं स्वतः नारळ खवला, बोट खरचटलं तरी खवला. सगळ्यांनी मिळून भोपळ्याला उभं केलं. त्यानं घोंगडीला सोंड लावली. वास घेतला. सोंड टेकवली. हौसानं त्याच्या तोंडात बांबूचं नळकांडं धरलं, आणि भोपळ्या गटागटा प्यायला. सगळं प्यायला. मग हौसाची वेणी धरून उभ्या उभ्याच पेंगायला लागला.

पुढे भोपळ्या इतका वाढला की घोंगडी त्याला रुमालाएवढी दिसायला लागली. हौसाला ते पुस्तक फार आवडलं होतं. तिला वाटायचं, आपल्याच जवळ ठेवावं. उराशी धरून झोपायची ती. पण एक दिवस तिच्या मनात आलं, पुन्हा कुणाला पुरात पिल्लू सापडलं, तर ते येऊन विचारेल, आणि ग्रंथघर गप्पच राहील. त्याचं पिल्लू काय करेल? मग ती स्वतःच गेली आणि पुस्तक फटीत ठेवून आली. ठेवल्याबरोबर ते गुणगुणलं. वीसाहून जास्त वर्षांनी, बरं का. सगुणाबाईनं पदरानं डोळे पुसले.

दाराजवळच्या खुंट्यांवर आता एक नवी पट्टी होती. राजानं स्वतः कोरलेली. खूण काय होती माहितीये? सिंहासन, तीन पाय सरळ आणि एक आखूड. सुतार सासुरवाडीहून आला, पण राजानं त्याला परत पाठवलं. त्यानंतर तो जन्मभर डुगडुगत बसला आणि खुशीत राहिला. हौसा, भोपळ्या, सगुणाबाई, सगळे सुखात राहिले.

संपली माझी गोष्ट. निनाद झोपला बघ.

शमे, तू जागी आहेस, मला माहितीये. आण तो हात इकडे. उशीखाली काय आहे, ते मी संध्याकाळीच पाहिलंय. शाळेचा शिक्का आहे त्यावर. नाही गं, रागावले नाही मी. आवडलं म्हणूनच राहिलं ना तुझ्याकडे? पण तिकडे कुणीतरी ते शोधत असेल, राणी. उद्या जाऊ आपण, मी येते तुझ्याबरोबर. दे, आजची रात्र माझ्या उशाशी ठेवते. बघ, उशी कशी छान खाली बसली. आता मिट डोळे.