दगड वेचलेली उतरण

एका डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं, आणि त्या गावात एक मेंढपाळ होता. स्वस्थ बसायचं म्हटलं की त्याला शिक्षा वाटायची. नाव म्हाकू. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर! मेंढ्या चरायला लागल्या की बाकीचे लोक सावलीला बसून चातीवर लोकर कातायचे, आणि हा उगाच वर-खाली फेऱ्या मारत राहायचा.

डोंगर होता वाळूच्या दगडाचा. तांबूस, खरखरीत. दोन तुकडे एकमेकांवर घासले की रेती गळायची. त्याच दगडाची झिजून झिजून वीतभर माती झाली होती, तीही भुसभुशीत. मातीवर जिकडे तिकडे दगड पसरलेले, आणि मातीखाली अखंड कातळ. एवढ्याशा थरावर पवना गवत यायचं आणि त्या गवतावर सगळ्या गावच्या मेंढ्या जगायच्या. प्रत्येक घराचा उतरणीवर आपापला पट्टा होता.

गावची एक रीत होती. उतरणीवरचा दगड कुणी हलवायचा नाही. मेंढीच्या पायाने एखादा घरंगळला, तर मेंढपाळाने खाली उतरून तो उचलून आणायचा आणि होता तिथेच, होता तसाच ठेवायचा. का, ते विचारायची सोय नव्हती. "आपले वाडवडील ठेवत आले, आपणही ठेवायचा," एवढंच उत्तर. खरं सांगू का, गावाचंही चुकलंच. कारण न सांगता नुसता नियम सांगितला, की म्हाकूसारख्याच्या डोक्यात किडा वळवळणारच.

दिवाळी झाली आणि तो बायकोला, साळूला, म्हणाला, "अगं, निम्मी उतरण दगडांनीच अडवलीय. दगड काढले तर दुप्पट गवत येईल."

"आणि नाही आलं तर?" साळू म्हणाली. "माघात मेंढ्या व्यायच्यात. गवत नसलं तर पिल्लांना दूध कुठनं येणार? दोन घटका गप बसा की कधीतरी."

पण गप बसेल तो म्हाकू कसला! दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन गेला. महिनाभर दगड उपटले आणि खालच्या ओढ्यात लोटून दिले. पट्टा कसा अंगण झाडल्यासारखा झाला. दगडांआड लपलेलं गवत उठून दिसायला लागलं. वाटेवरून जाणारे थांबून बघायचे. गावचे पंच बिरमल तात्या तर रीत विसरून, त्याची पाठ थोपटून म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या! होळी झाली की सगळा डोंगर असाच साफ करू."

म्हाकूला आभाळ ठेंगणं झालं.

पौष सरला, ऊन चढायला लागलं, आणि म्हाकूचं गवत पिवळं पडायला लागलं. शेजारचं मात्र अजून हिरवट होतं. म्हाकूला चैन पडेना. एके दिवशी कुणी बघत नाहीसं पाहून त्याने शेजारच्या पट्ट्यातला एक दगड हळूच उचलला. खाली माती काळसर, ओली, गार. गवताच्या बारीक मुळ्या त्या ओलीला चिकटून बसलेल्या. त्याने दगड पुन्हा ठेवला आणि आपल्या पट्ट्यात बोट खुपसलं. बोट भाजलं. नुसती कोरडी रेती, आणि दोन पेरांवर कातळ लागला. वीतभर माती होती ना? मग बाकीची गेली कुठे? तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि त्याच्या डोळ्यांत रेती गेली. काय ते त्याला कळलं. वरचे दगड गेले, आणि माती वाऱ्याबरोबर उडून गेली.

आता तरी जाऊन सांगावं की नाही? पण नाही! एवढी शाबासकी घेतलेली, तोंड कसं दाखवायचं? भर दुपारी गाव सावलीला पडलं की हा घागर घेऊन निघायचा आणि वाटेकडेच्या गवताला पाणी घालायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढं हिरवं दिसावं. रेताड माती ती, पाणी धरते थोडीच? ओतलेलं पाणी घटकेत खाली जायचं, कातळावरून घसरायचं आणि खालच्या अंगाला तात्यांच्या पट्ट्यात पाझरायचं. तात्या हरखून सगळ्यांना सांगत सुटले, "म्हाकूने दगड काय काढले, माझ्या पट्ट्यालाही पाझर फुटला बघा!"

हे ऐकून म्हाकूची झोपच उडाली. खेपा वाढल्या. खांदा सोलून निघाला.

माघात मेंढ्या व्यायल्या. पिल्लं लुचायची आणि ओरडायची, कारण कासेत दूधच नव्हतं. होळीच्या आत दोन पिल्लं गेली. साळूने ती पदरात गुंडाळून पुरली आणि घरी येऊन म्हणाली, "आपलं झालं ते झालं. उद्या सगळ्या गावाची पिल्लं अशीच ओरडतील. तेव्हा तुम्ही घागर घेऊन कुणाकुणाच्या पट्ट्यात जाणार?"

म्हाकू उठून बाहेर आला. नुसता अंगणात येरझाऱ्या घालत राहिला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव पहारी घेऊन उतरणीवर जमला. तात्यांनी पहिल्या दगडाखाली पहार घातली. अजून एक झटका, की दगड निघणार. म्हाकू धावत आला आणि त्या दगडावर बसलाच.

"तात्या, थांबा! आधी माझ्या पट्ट्यात चला. वाटेवरनं नाही, आत चला."

लोक आत गेले आणि बघतच राहिले. गवत नव्हतं. माती नव्हती. तांबडा कातळ उघडा पडला होता आणि खळग्यांमधून तेवढी मूठ-मूठ रेती उरली होती.

"मग वाटेकडेचं ते हिरवं?" तात्यांनी विचारलं.

"घागरीने पाणी घालत होतो. तुमचा पाझर पण त्यातलाच. लाज वाटली, म्हणून बोललो नाही." म्हाकूला रडू आवरेना. "माझी दोन पिल्लं गेली, तात्या. तुमची जायला नकोत. दगड काढू नका."

कुणी शिव्या दिल्या, कुणी पहार आपटून निघून गेलं. तात्यांचा चेहरा तर शरमेने लाल झाला होता. त्यांनी खळग्यातली मूठभर रेती उचलून बघितली. मग म्हणाले, "शाबासकी देताना मीही कुठे आत जाऊन बघितलं?" त्यांनी गावाला विचारलं, आणि पाऊस पडेपर्यंत म्हाकूच्या मेंढ्या पाळीपाळीने एकेकाच्या पट्ट्यात चरतील असं ठरलं. काहीजण कुरकुरले, पण नाही कुणी म्हटलं नाही.

म्हाकूने हात जोडले. "ओढ्यातले दगड मी परत आणतो तात्या, सगळे आणतो. माझी माती कधी परत येईल?"

"दगड झिजून माती व्हायला किती पिढ्या लागतात, ते कुणाला ठाऊक?" तात्या हळूच म्हणाले. "तुझ्या डोळ्यांनी काही तू बघणार नाहीस बाबा."

त्या वर्षी गावात आणखी एकही पिल्लू उपाशी मेलं नाही.

तात्पर्य एवढंच, की चूक कबूल केल्याने आपलं गेलेलं परत येत नाही. पण ती वेळेत कबूल केली, तर दुसऱ्याचं जायचं वाचतं.